संधिवातासाठी सेकंड ओपिनियन, सोलापूरच्या रेल्वे लाइन्समधलं क्लिनिक (चार स्टार)

पहिलंच सांगतो, लिफ्ट नाही. सांधेदुखीवाल्यांचं क्लिनिक आणि ते वरच्या मजल्यावर, कुणाच्या डोक्यातून निघालंय काय की. आमच्या आईला कठड्याला धरून न्यायचं म्हटलं तर कठडा धरायला बोटंच मिटत नव्हती. एक स्टार तिथंच कापला. बाकी तक्रार किरकोळ.

आईला आधीच्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, संधिवात सांगितला होता, आरए फॅक्टर ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून. पेनकिलर आणि एक बारकी गोळी चालू होती, घेतली की बरं वाटायचं, सोडली की परत जैसे थे. त्यात चेहरा गोल दिसायला लागला, शुगर वाढली, आणि आईनं भाकरी थापायची बंद केली. कडक भाकरी हाताखालची असणारी बाई विकतची आणा म्हणाली तेव्हा घरात सगळेच गप्प झालो. शेजारी म्हणायचे चिकनगुनियाचं राहिलंय, मामा म्हणाले युरिक ॲसिड, एकानं निरगुडीचा पाला बांधायला लावला. पाहुण्यांचं एकच, हुतात्मा एक्सप्रेस पकडा आणि पुण्याला न्या. पण सकाळी सकाळीच तर हिचं अंग आखडलेलं असतं, त्या वेळेला स्टेशन गाठायचं कसं आणि दर वेळी रिपोर्ट दाखवायला पळायचं कसं, म्हणून म्हटलं आधी गावातच रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवू. हाडांचे डॉक्टर वेगळे आणि हे वेगळे बरं का, हा आजार शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटल्यामुळं होतो, नुसती झीज नसते.

फाइल हातात दिली तर डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि आधी आईचे हात हातात घेतले. एकेक पेर दाबून बघितलं, मग पंजा दोन्ही बाजूंनी हलकाच आवळला, आई कळवळली. मग विचारलं, "मावशी, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?" आई म्हणाली, "चहा होऊन, भांडी होऊन, ह्यांचा डबा होईस्तोवर." ते हसले, "म्हणजे तासाच्या वर." इतके दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं ओ. झिजेच्या दुखण्यात अर्ध्या तासाच्या आत अंग मोकळं होतं, ह्यात तासभर होत नाही, असं त्यांनी समजावलं. आरए फॅक्टर वयामुळं किंवा हिपॅटायटिस सी सारख्या दुसऱ्या आजारातही पॉझिटिव्ह येतो म्हणून अँटी सीसीपी, सीआरपी ह्या रक्ताच्या तपासण्या आणि दोन्ही हातांचा एक्सरे करायला लावला.

आता मजा ऐका, आजार तोच निघाला. पहिल्या डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, गडबड औषधात होती. ती बारकी गोळी स्टेरॉइड होती, गोल चेहरा आणि वाढलेली शुगर त्यामुळंच, आणि आजाराला मुळात आवर घालणारं औषध सुरूच केलेलं नव्हतं. हे डॉक्टर म्हणाले स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं, आणि आवर घालणारं औषध म्हणून मेथोट्रेक्सेट सुरू करू. त्याच्या आधी लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्सरे, सगळं बघून घेतलं. ही गोळी आठवड्यातनं एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्यांनी आईलाच वार निवडायला लावला. आई म्हणाली सोमवार नको, उपास असतो. मग बुधवार ठरला, आणि प्रिस्क्रिप्शनवर लाल पेनानं मराठीत 'फक्त बुधवारी' लिहून दोनदा गोल केला. सोबतची फॉलिक ॲसिडची (जीवनसत्त्वाची) गोळी शनिवारी. लगेच गुण येत नाही, सहा ते बारा आठवडे धीर धरा हेही आधीच बजावलं, नाहीतर आपण पंधरा दिवसांत डॉक्टर बदलायला मोकळे.

मला सगळ्यात आवडलं ते हे की आधीच्या डॉक्टरांना त्यांनी एका शब्दानंही नावं ठेवली नाहीत. "शुगर तेच बघू देत, ही चिठ्ठी त्यांना दाखवा" म्हणाले. मला वाटलेलं फॅमिली डॉक्टर फुगून बसतील, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि शुगरचं औषध बदलून दिलं, एवढंच.

आता वेटिंग. अपॉइंटमेंटची वेळ नुसती नावाला, नंबर यायला लई उशीर, आणि बाकडी अशी टणक की दुखत नसेल त्याचंही दुखायला लागेल. रिसेप्शनवरची पोरगी मात्र शांत, एका आजींशी तेलुगूत बोलून सगळ्या गोळ्या समजावून देत होती. तपासण्या त्यांच्याच लॅबमध्ये करा असा आग्रह नाही. जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून न्या, आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा न्या, आमची स्टेरॉइडची गोळी त्यांनी पाकीट बघूनच ओळखली. जमलं तर पेशंटच्या सकाळच्या हाताच्या सुजेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि सूज उतरलेली असते.