माझ्याच गाडीचा डिस्ट्रिब्युटर रंगवून मला विकला, 30,500 रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बँकेत 28 वर्षं कॅशियर होतो, नोट बोटाला लागली की खरी-खोटी कळायची. तरी सोलापुरातल्या एका मिस्त्रीने माझ्या डोळ्यांदेखत मला 30,500 रुपयांना बुडवलं. लिहायची लाज वाटते. पण तीन महिने मनातल्या मनात चरफडतोय, आता पुरे झालं. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी तरी हे वाचावं.

गाडी वडिलांची, 1984 ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे, म्हणून त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी वडिलांना गावच्या माणसाची वाटायची. ते गेल्यावरही मी ती विकली नाही. लेकीची पाठवणी आजोबांच्या गाडीतून करायची, हे घरात केव्हाच ठरलं होतं. लग्न 22 मे रोजी.

मेच्या पहिल्या आठवड्यात होटगी रोडवर गाडी बंद पडली. गार असताना एका स्टार्टरला उठायची, आठ-दहा किलोमीटर गेलं की मिसिंग मारून बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. आपल्याकडच्या उन्हात पंपात पेट्रोलची वाफ होते, म्हणून ओलं फडकं टाकून पाहिलं. फरक नाही. गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून बॉडीला टेकवला आणि बायकोला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी पिवळट, मेलेली. म्हणजे दोष करंटचा. इथपर्यंत मी स्वतः पोचलो होतो, हे ध्यानात ठेवा.

एका नातेवाइकाने मिस्त्रीचं नाव सुचवलं. त्याने डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची, टोपी काढली. आत करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट निळे-काळे पडलेले. असे पॉइंट जळाले की आधी कंडेन्सर बदलून बघायचा, हे वडिलांनी मला विसाव्या वर्षी शिकवलं होतं. पॉइंट उघडताना करंट मधून उडी मारायला बघतो, तो कंडेन्सर झेलतो. तो कमजोर झाला की पॉइंट जळतात आणि प्लगला दम राहत नाही. गरम झाला की जास्तच. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मिस्त्री टोपीखालचा फिरणारा रोटर बोटांनी पिळून म्हणाला, "मालक, हे बघा, प्ले आलाय, ढिला झालाय. अख्खा डिस्ट्रिब्युटर गेला." रोटर खरंच थोडा फिरून मागे आला. मी गप्प बसलो.

अहो, तो फिरणारच! खाली ठिणगीचं टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्या ताणतात आणि सोडतात. चांगल्या डिस्ट्रिब्युटरचा रोटरही असाच फिरून जागेवर येतो. प्ले बघायचा तो शाफ्ट आडवा हलतो का, हा. कुणी तुम्हाला रोटर पिळून दाखवला तर तिथूनच गाडी परत आणा.

दुसऱ्या दिवशी "नवा माल" बसला होता. डिस्ट्रिब्युटर 7,200, कॉइल 1,650, प्लग आणि वायरी 1,150, मजुरी 2,000. एकूण 12,000, हिशोब प्लगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. मी वाकून डिस्ट्रिब्युटरला हात लावला, तर बोटाला चंदेरी रंग लागला. वासही आला, ताज्या रंगाचा. विचारलं तर म्हणाला, "पॅकिंगचं ऑइल असतं, काका." मी रुमालाने बोट पुसलं आणि पैसे दिले. अजून रात्री झोपेतून जाग येते ती त्याच क्षणापाशी. ऑइल चंदेरी असतं का कधी? पण लग्न दोन आठवड्यांवर, पत्रिका वाटायच्या, आचारी ठरायचा होता. डोकं कुठं ठिकाणावर होतं माझं?

जुने पार्ट मागितले, तर "भंगारात टाकले". हेही ऐकून घेतलं.

चार दिवसांनी सात रस्त्याला गाडी परत तशीच बंद. आता मिस्त्री म्हणे इंजिनाचे व्हॉल्व्ह लीक आहेत, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल. इंजिनातला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं नाही, नुसत्या आवाजावरून सांगितलं. 18,500 अ‍ॅडव्हान्स, तेही त्याने दिलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी यूपीआयवर. गाडी मिळाली 21 मेला. 22 तारखेला कार्यालयाच्या दारात बंद पडली, आणि माझी लेक भाड्याच्या इनोव्हातून सासरी गेली.

मग जुन्या पुणे नाक्याजवळच्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकडे गाडी ओढून नेली. त्यांनी डिस्ट्रिब्युटरवर स्क्रूड्रायव्हर घासला. रंगाचा पापुद्रा निघाला, आणि खाली लाल नेलपॉलिशचा ठिपका. वडिलांनी टायमिंगच्या खुणेसाठी आईच्या बाटलीतून लावलेला! माझाच डिस्ट्रिब्युटर. पॉइंट घासून पुन्हा लावलेले, म्हणून चार दिवस चालली. कंडेन्सर तोच. हेडच्या नटांवर जुनी मळकी काजळी तशीच, म्हणजे पाना लागलाच नव्हता. नवा कंडेन्सर 180 रुपये, पॉइंट 220. पॉइंटमधला गॅप 0.4 मिलिमीटर लावून दिला. गाडी त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेली नाही.

पोलिसांकडे गेलो. "गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्यांदा गेलो, "बिल कुठंय?" पुठ्ठा दाखवला, तर तो टेबलावर परत सरकवला. तिसऱ्यांदा, "हा दिवाणी मामला, कोर्टात जा." रंगाचा डाग पडलेला रुमाल नेला होता, त्याकडे कुणी बघितलंही नाही. ज्याने रोज पन्नास माणसं बघायची, त्याला एक मिनिट उभं राहून ऐकता येऊ नये? बँकेत गेलो तर, "पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार?" माझ्याच पेशातल्या माणसाने खुर्चीवरून मान वर न करता हे सांगावं, हे फार लागलं. खोटा माल खरा म्हणून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक नाही, तर काय आहे? ठाण्यात नोंद करत नसतील तर तक्रार लेखी लिहून पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येते, ती मी पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज देतोय. 5 लाखांपर्यंत तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही.

पक्कं बिल घ्याच. बिल नाही म्हणून मी सगळीकडे खोटा ठरलो. गाडी सोडायच्या आधी पार्टांचे फोटो काढा, आतल्या बाजूला खूण करा. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. एक कंडेन्सर आणि एक पॉइंट सेट गाडीतच ठेवा. आणि यंदा कुणी तुमच्या पद्मिनीला "नवा" डिस्ट्रिब्युटर बसवून दिला असेल, तर आजच बॉनेट उघडून त्यावर नख मारून बघा.