सहा नवीन कोच, आठ महिने आणि गॅरेजमधला पिट

आठ महिने झाले, सहा नवीन कोच, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या बस, चालवतोय. चार 12 मीटरच्या एका कंपनीच्या, दोन 13.5 मीटरच्या दुसऱ्या कंपनीच्या. नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण दोन्ही गाड्या तशा चांगल्याच आहेत, घोळ आमच्या निवडीत होता. आम्ही सीटवर बसून गाड्या पसंत केल्या, गाडीखाली झोपून करायला हव्या होत्या, एवढंच खरं तर सांगायचंय.

सुरुवात पिटपासून करतो कारण त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. आमचा गॅरेजमधला पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, 12 मीटरच्या गाड्यांच्या हिशोबाने बांधलेला. 13.5 ची गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला आली तेव्हा पुढची चाकं पिटच्या टोकाला टेकली आणि मागचं इंजिन बाहेरच राहिलं, म्हणजे ज्याच्यासाठी पिट असतो तेच बाहेर. मग उलटी घालून बघितली, तर इंजिन आत आलं पण पुढचं स्टीअरिंगचं लिंकेज बघायला परत गाडी फिरवायची. आता प्रत्येक सर्व्हिसिंगला गाडी दोनदा लावतो. फिटर मला काही बोलला नाही, नुसतं बघितलं. ऑर्डर द्यायच्या आधी त्याला एकदा विचारलं असतं तर त्याने टेप लावून दोन मिनिटांत सांगितलं असतं.

आणि लांबी वाढली की वळताना मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागचा भाग, बाहेर फिरतो हे ड्रायव्हर लोकांना माहीत असतं, पण किती फिरतो ते सवयीने कळतं. पहिल्या महिन्यातच एका गाडीचा मागचा कोपरा खांबाला घासला. त्या निमित्ताने कळलं की या मॉडेलचा मागचा बंपर तीन तुकड्यांत आहे, नुसता कोपरा बदलला आणि गाडी संध्याकाळच्या ट्रिपला गेली. 12 मीटरवालीचा बंपर मात्र अख्खा एक पीस, छोटी चीर गेली तरी सगळा काढा, रंगवा, बसवा. पुढच्या काचेचंही तसंच, एकसंध मोठी काच दिसायला मस्त, पण चिकटवलेली असते, बदलली की चिकटवण सुकेपर्यंत गाडी हलवता येत नाही. शोरूममध्ये असलं कुणी विचारत नाही, आम्हीही नाही विचारलं.

आता रिटार्डर, म्हणजे उतारावर नेहमीचे ब्रेक न घासता गाडीचा वेग धरून ठेवणारी यंत्रणा. सहाही गाड्यांना हायड्रॉलिक रिटार्डर आहे आणि मी म्हणेन की घाटात गाडी चालवणार असाल तर याच्याशिवाय गाडी घेऊच नका. जुन्या गाड्यांच्या मानाने ब्रेकचे लायनर अजून नव्यासारखे आहेत. पण एक गोष्ट ड्रायव्हरला शिकवावीच लागते. रिटार्डर जी उष्णता तयार करतो ती इंजिनच्याच कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात जाते, त्यामुळे लांब उतारावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर नुसता रिटार्डर ओढत राहिलं की कूलंट तापतं आणि सिस्टिम स्वतःच रिटार्डरचा जोर कमी करते. नेमका उतारावर. आमच्या एका ड्रायव्हरला वाटलं रिटार्डर बिघडला, घाबरून फोन केला. बिघाड काहीच नव्हता, गिअर खाली घेऊन आरपीएम वाढवला की पंप जास्त पाणी फिरवतो आणि काम होतं. जुने ड्रायव्हर गिअर धरून उतरवायचे तीच पद्धत, वर रिटार्डर आला इतकंच.

सगळ्यात जास्त डोकेदुखी सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरची झाली, आणि तीही आमच्याच चुकीने. नवी गाडी दिसते छान म्हणून एक 12 मीटरवाली एअरपोर्ट शटलला लावली. छोटी फेरी, मग अर्धा तास एसी लावून उभी, परत छोटी फेरी. हा फिल्टर साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, काजळी जाळायला साधारण 600 डिग्रीपर्यंत, आणि असल्या फेऱ्यांत तो तापतच नाही. तीन आठवड्यांत दिवा लागला, ड्रायव्हरने दोन दिवस दुर्लक्ष केलं, मग इंजिनचा पॉवरच कमी झाला. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला चार दिवस. लांबच्या रूटवर तीच गाडी टाकली तेव्हापासून एकदाही दिवा नाही. त्यामुळे गाडी घेतानाच कुठल्या रूटला जाणार ते ठरवा, नंतर नाही. धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण भरतात, त्याचं फार काही नाही, झाकण निळं असतं, फक्त डिझेलच्या टाकीत ओतू नका म्हणजे झालं. ड्रायव्हरांना हसू आलं होतं मी सांगितलं तेव्हा, पण लोकांकडून होतं तसं.

वजनाबद्दल थोडं. युरोपच्या नियमांत कागदावर प्रवाशाचं वजन हातातल्या बॅगेसकट 71 किलो धरतात, आणि डिकीतलं सामान एका घनमीटरला 100 किलो. म्हणजे 49 सीटचे जवळपास साडेतीन टन, डिकी वेगळी. आणि लग्नाचं किंवा सहलीचं बुकिंग असलं की लोक काय काय घेऊन चढतात ते आपल्याला माहितीय. दोन अॅक्सलच्या गाडीत इंजिन मागे, त्यात टॉयलेटही मागे घेतलं तर मागच्या अॅक्सलची वजनाची मर्यादा आधीच जवळजवळ भरलेली असते. सगळे ऑप्शन बसवल्यानंतर रिकाम्या गाडीचं पुढचं-मागचं वजन वेगवेगळं लेखी मागा. 13.5 ला तिसरा अॅक्सल आहे म्हणून ती चिंता नाही, पण टायर सहाऐवजी आठ, आणि तिसरा अॅक्सल स्टीअरिंगबरोबर वळणारा नसेल तर वळणावर ते टायर घासून जातात. आमचा वळणारा आहे, नशीब.

डेमो गाडी रिकामी देतात, बरोबर त्यांचाच ड्रायव्हर. आम्ही तशीच घेतली आणि पिकअप बघून खूश झालो. मूर्खपणा. पाण्याचे कॅन, वाळूच्या गोण्या, काहीही भरा, स्वतःचा ड्रायव्हर बसवा, स्वतःच्या सगळ्यात वाईट रूटवर न्या.

प्रवासी? प्रवासी खूश आहेत, एअर सस्पेन्शन आहे, झोप लागते. यूएसबी पॉइंट मात्र सीटच्या बाजूला आहेत, लोकांचे गुडघे लागून अर्धे ढिले झालेत. सीटकव्हर चेनवाली घेतली हा एकच निर्णय असा की ज्याबद्दल बायकोसुद्धा चांगलं बोलली, धुवायला काढता येतात.

अजून दोन गाड्या घ्यायच्यात. परवा कंपनीचा माणूस ब्रोशर घेऊन आला होता, त्याला ऑफिसात न बसवता सरळ गॅरेजमध्ये नेलं. फिटरने त्याला पहिला प्रश्न विचारला की अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग) काढायला आधी काय काय काढावं लागतं. ते विचारून सांगतो म्हणालाय.