ड्रॅगस्टर मॉडेलचे पार्ट हाताने बनवायची हत्यारं: बरेच महिने वापरल्यावर टेबलावर काय राहिलं आणि ड्रॉवरमधे काय गेलं

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. १/२५ स्केलमधे, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या मापात, ड्रॅग कारचे (सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या शर्यतीच्या गाडीचे) पार्ट स्वतः बनवायचे असतील तर पहिले पैसे डिजिटल कॅलिपरवर, दुसरे चांगल्या पिन वाइसवर आणि तिसरे वेगवेगळ्या जाडीच्या तारा-नळ्यांवर घाला. मिनी लेथ, फोटोएच (पातळ पत्र्यातून कोरलेले पार्ट) वाकवायचं यंत्र, टर्बोसारखा आवाज करणारं मोटर टूल हे सगळं छानच आहे पण नंतर. कारण या स्केलला पार्ट खरा दिसतो की खेळण्यातला दिसतो हे त्याच्या आकारापेक्षा त्याच्या जाडीवर ठरतं, आणि जाडी मोजता येत नसेल तर बाकीची हत्यारं काय कामाची.

काम कसलं चाललंय ते सांगते म्हणजे पुढचं नीट लागेल. साठच्या दशकातली फ्रंट-इंजिन रेल (नळ्यांच्या लांब सांगाड्याची ड्रॅग कार), जिला स्लिंगशॉट म्हणतात, म्हणजे ड्रायव्हर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसलेला आणि इंजिन त्याच्या तोंडासमोर. इंजिन क्रायस्लरचं ३९२ हेमी, आठ सिलिंडरचं, वर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंप. किटमधून मी फक्त इंजिन ब्लॉक, हेड आणि मागचे स्लिक (नक्षी नसलेले रुंद टायर) घेतलेत, चासी, हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), वायरिंग, फ्युएल लाइन, पुढची चाकं, टाकी, सीटचे पट्टे सगळं हाताने. त्यामुळे प्रत्येक हत्यार भरपूर घासून झालंय.

कॅलिपरपासून सुरू करू. १/२५ ला खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे १.०१६ मिमी. याचा अर्थ कळला का? अमेरिकन गाड्यांची सगळी मापं इंचात, आणि इंचाचा आकडा तुम्ही तसाच मिलिमीटरमधे वाचायचा, झालं काम. दीड इंची पाइप म्हणजे दीड मिमी, तीन इंची सीटबेल्ट म्हणजे तीन मिमीची पट्टी, १८० इंचांचा व्हीलबेस म्हणजे १८३ मिमी. एवढं सोपं गणित दुसऱ्या कुठल्या स्केलला नाही. आता प्लग वायर बघा. खरी वायर साधारण ८ मिमी जाड, म्हणजे मॉडेलवर ०.३२. आणि तयार डिटेल सेटमधे मिळणाऱ्या कितीतरी वायर कॅलिपरमधे धरल्या की ०.५, ०.६ निघतात, म्हणजे इंजिनवर १५ मिमीची वायर, बागेतला पाइप टाकल्यासारखी. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचू नका, मोजा.

कॅलिपरच्या तक्रारी दोन. एक, बंद केलं तरी बॅटरी खात राहतो, स्वस्तातल्या बऱ्याच जणांची हीच रड आहे, म्हणून सेल काढून ठेवायची सवय लावली. दुसरं, स्क्रीनवर ०.०१ दिसतं म्हणून तेवढं अचूक आहे असं समजू नका, दोन-तीन शतांश इकडेतिकडे धरून चाला. सोल्डरची तार मोजताना जबडे हलकेच लावायचे, नाहीतर मऊ तार दाबून चपटी होते आणि आकडा कमीच येतो.

पिन वाइस म्हणजे आपलं हाताने फिरवायचं छोटं गिरमिट. यात स्वस्त आणि महाग यांत खरंच फरक आहे. माझ्याकडे आधी एक होती, कंपनीचं नाव घेत नाही, तिचे कॉलेट (बिट पकडणारे जबडे) ०.५ मिमीच्या खाली बिट धरायचेच नाहीत, बिट आत गोल फिरत बसायचं. आत्ताची आहे तिला वर फिरती टोपी आहे, ती तळहातात टेकवायची आणि दोन बोटांनी फिरवायचं, तासभर काम केलं तरी मनगट दुखत नाही. बिट ६१ ते ८० नंबरचा सेट घ्या. ८० नंबर म्हणजे ०.३४ मिमी, म्हणजे बरोब्बर प्लग वायरचं भोक, याहून जास्त काय पाहिजे. हाय स्पीड स्टीलची बिट घ्या, कार्बाइडची हातात धरून वापरायची नसतातच, जरा तिरकं बळ लागलं की कट्‌कन तुटतात आणि तुटलेला तुकडा भोकातच बसतो, मग तो पार्ट गेला समजा. स्टीलचं आधी वाकतं, तेवढ्यात हात थांबवता येतो. भोक पाडायच्या आधी सुईने खूण टोचा आणि बिट मेणावर फिरवून घ्या.

या गिरमिटाची खरी परीक्षा मॅग्नेटोवर होते, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या जागी बसून प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या भागावर. जेमतेम चार मिमीच्या कॅपवर गोलात आठ भोकं. आणि इथे जरा अभ्यासाचं बोलते कारण प्रदर्शनात चांगली चांगली मॉडेलं इथेच मार खातात. ३९२ ला डिस्ट्रिब्युटरची जागा इंजिनच्या मागे असते, ब्लोअरच्या पाठीशी, १९६४ नंतरच्या ४२६ हेमीला ती पुढच्या बाजूला आली. दोन्हींचं वायरिंग एकाच फोटोवरून केलं की गडबड. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, मात्र दोघांची एकच, १-८-४-३-६-५-७-२, ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला विषम सिलिंडर, उजव्या बाजूला सम. आणि हेमीचे प्लग हेडच्या मधोमध असतात म्हणून वायर व्हॉल्व्ह कव्हरच्या आतच शिरतात, बाजूने हेडरखाली जात नाहीत. कोण मोजतंय म्हणाल तर मोजणारा एक तरी असतोच, आणि नसला तरी वायर योग्य क्रमाने गेल्या की त्यांचा गुंता आपोआप खऱ्यासारखा दिसतो, हे मला फार आवडलं.

आता हेडर, म्हणजे माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेलं प्रकरण. झूमी हेडर, प्रत्येक बाजूला चार नळ्या, मागे आणि वर वळलेल्या. खऱ्या गाडीत ते दिसायला नाही लावत, धूर आणि गरम वारा मागच्या टायरपाशी झोतात जातो आणि वरच्या दिशेने जाणाऱ्या झोतामुळे गाडी खाली दाबली जाते. मॉडेलवर ही चारही वळणं हुबेहूब सारखी यायला हवीत, एक जरी वेगळं झालं तरी डोळा तिथेच जातो. मी तीन गोष्टी वापरून बघितल्या. स्टायरीनची (मॉडेल किटच्या प्लॅस्टिकची) कांडी गरम करून वाकवली की वळणावर बारीक होते आणि दोन दिवसांनी थोडी उलगडते. अ‍ॅल्युमिनियमची नळी दिसायला सर्वात सुंदर पण वळणावर चिमटते, आत तार भरून वाकवली तर बरी वळते, मग ती तार बाहेर काढताना जीव जातो. आणि सोल्डरची जाड तार, दोन मिमीची, ही जिंकली. हाताने वाकते, परत सरळ होत नाही, चिमटत नाही. लाकडाच्या ठोकळ्यात दोन ड्रिलचे दांडे उभे ठोकले आणि त्याभोवती एकामागून एक आठही नळ्या वळवल्या, झाल्या सारख्या. मग टोकाला पिन वाइसने आत भोक, जेवढं मोठं पाडता येईल तेवढं, कडा कागदासारखी पातळ राहिली पाहिजे कारण खऱ्या पाइपचा पत्रा स्केलला मिमीचा दहावा हिस्सासुद्धा नसतो. भरीव तार पोकळ दिसते ती या एका भोकामुळे.

सोल्डरचे तोटे पण ऐका. नखाने सुद्धा खड्डा पडतो. प्रायमरशिवाय रंग धरत नाही. आणि शिसं असलेली तार असेल तर पॉलिश पेपरने घासू नका, धूळ नको, ब्लेडने कापा, काम झालं की हात धुवा, खातखात काम करायची सवय असेल तर ती सोडा.

चासीसाठी मात्र माझं मत एकदम पक्कं झालंय, लांब रेलला पितळच. स्टायरीनच्या कांड्यांनी चासी पटकन होते, गोंद लावायला सोपा, पण १८० मिमीच्या वर लांबी, मागे जड स्लिक आणि मधे धातूचे हेडर लावलेलं इंजिन, हळूहळू पीळ पडतो आणि एक पुढचं चाक हवेत. पितळेची १/१६ इंची नळी म्हणजे १.५९ मिमी, दीड इंची क्रोमोली (मजबूत मिश्र पोलाद) पाइपच्या जवळ जाते. पूर्ण मापाचं ड्रॉइंग फळीवर चिकटवायचं, रेषांच्या दोन्ही बाजूंनी बारीक खिळे, मधे नळ्या बसवायच्या, सांध्यावर गोल कानसीने खाच काढायची म्हणजे एक नळी दुसरीला नीट कवटाळते, खऱ्या वेल्डिंगलाही असंच करतात. मग फ्लक्स आणि झाळकाम. त्रास एवढाच की शेजारचा सांधा आधी झाळलेला असतो आणि गरमीने तो सुटतो. त्याच्यावर ओला टिश्यू गुंडाळा किंवा धातूची क्लिप लावून ठेवा, उष्णता तिथेच अडते. छोटे ब्रॅकेट, पत्र्याचे टॅब, फूट पेडल हे स्टायरीनचेच बरे, सगळं पितळेत करायचा हट्ट नको.

चासीवरून आठवलं, क्लच आणि गिअरबॉक्सभोवतीचं आवरण लोक नुसतं काळं रंगवून सोडतात. स्लिंगशॉटमधे ड्रायव्हरचे पाय याच्याच भोवती असतात हो! १९७० च्या मार्चमधे कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामांकित ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीची गिअरबॉक्स फुटली, उजव्या पावलाचा भाग गेला, आणि त्यानंतर त्याने इंजिन मागे टाकलेली स्वॉम्प रॅट १४ ही गाडी आणली, १९७१ मधे, मग थोड्याच वर्षांत स्लिंगशॉट संपल्याच. एवढं ज्या भागामुळे घडलं त्याला बोल्ट तरी काढा. षटकोनी कांडीचे पातळ काप, पाऊण इंची बोल्टचं डोकं म्हणजे पाऊण मिमी, ओल्या ब्रशच्या टोकाने उचलायचे आणि थेंबभर पातळ गोंद. चिमट्याने उचलाल तर उडून जातात आणि मग गालिचा चाचपत बसा.

पंच-अँड-डाय सेट. हे घेताना मनात शंका होती, आता हातातून सुटत नाही. स्टायरीनच्या पत्र्यातून गोल चकत्या, अगदी स्वच्छ कडेच्या. वॉशर, गेजचे चेहरे, फ्युएल कॅप, पुली. पुली म्हणजे तीन चकत्या एकावर एक, मधली जाड. अर्ध्या मिमीच्या वर जाड पत्रा याच्यात घालू नका, पंच अडकतो, पातळ चकत्याच जोडा. ब्लोअरचा बेल्ट मात्र पंचाने होत नाही, तो दातेरी असतो, दाते साधारण अर्ध्या इंचावर, म्हणून अगदी पातळ पत्र्यावर अर्ध्या-अर्ध्या मिमीवर आडव्या रेषा ओरखडून पट्टी कापली आणि दाते आत ठेवून पुल्यांभोवती गुंडाळली. मॅट काळा रंग दिला की पुरे.

मोटर टूलबद्दल फार बोलत नाही. स्टायरीनला ते फार जोरात फिरतं, कापायच्या ऐवजी वितळवतं. माझ्याकडे त्याचा उपयोग गरीब माणसाची लेथ म्हणून, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची कांडी चकमधे धरून सर्वात कमी स्पीडवर फिरवायची आणि कानस लावायची, पुढच्या मून टाकीची (गोल इंधन टाकीची) गोल टोकं अशीच झाली. इंजेक्टरच्या नळ्यांचं पसरट तोंड तर मोटरशिवायच होतं, पातळ नळीत गुळगुळीत टोकाचा टोचा दाबून गोल फिरवा, ओठ आपोआप बाहेर वळतो. खरी मिनी लेथ पण वापरली आहे, तिच्यावर चाकाचे रिम अप्रतिम होतात, पण रिमसाठीच घ्यायची असेल तर आधी चार-पाच गाड्या बांधा. पुढच्या चाकांचे स्पोक मी ०.१५ च्या मासेमारीच्या दोरीने विणले, त्याला फक्त एक जिग (पार्ट जागेवर धरून ठेवणारा साचा) आणि शांत डोकं लागतं.

गोंद. स्टायरीन-स्टायरीनला तामियाचा एक्स्ट्रा थिन, सांध्यावर ब्रश टेकवला की आपणहून आत ओढला जातो. पण अर्ध्या मिमीच्या कांडीला दोनदा लावलात तर ती मऊ पडते आणि वाकते. धातू-प्लॅस्टिकला सुपरग्लू, फक्त क्रोमवर आणि पारदर्शक भागाजवळ नको, पांढरी वाफ धरते. वजन येणाऱ्या सांध्यांना, म्हणजे अ‍ॅक्सल वगैरे, इपॉक्सी.

थ्रीडी प्रिंटवाले विचारतीलच. ब्लोअरचं केस, त्याच्या फासळ्या, स्कूप (वरचं हवा घेणारं तोंड) हे प्रिंटमधे माझ्या हातापेक्षा चांगलं येतं, सरळ मान्य, तिथे वाद नाही. पण पातळ नळ्या, वायर, लिव्हर हे रेझिनमधे एकतर जाड येतात नाहीतर हात लागला की मोडतात. ०.५ च्या खालचं सगळं तारेतच करा.

दुसऱ्या स्केलवाल्यांसाठी: १/२४ ला एक इंच म्हणजे १.०५८ मिमी, तिथेही वरची मापं डोळ्याला चालून जातात. १/१६ ला मात्र एक इंच १.५८८ होतो, म्हणजे माझी चासीची १/१६ इंची नळी तुमच्याकडे बरोब्बर एक इंची पाइप बनते आणि दीड इंची पाइपसाठी २.४ मिमीची नळी लागेल. प्लग वायर ०.५ ची घ्या, वर ज्या जाड वायरींना नावं ठेवली त्या तुमच्या गाडीला अगदी फिट बसतील.