घरातला शनिवार-रविवार: सिनेमा की सिरीज, रांधायचं की मागवायचं?

शनिवारी संध्याकाळी ताट वाढून घेतलं, टीव्हीसमोर बसले आणि रिमोट हातात घेऊन काय बघायचं ते शोधायला लागले. पिक्चर ठरला तोवर ताट रिकामं झालं होतं. काय जेवले ते धड आठवेना, आणि पिक्चरच्या विसाव्या मिनिटाला डोळे मिटायला लागले. असं माझं एकदा नाही, बऱ्याचदा झालंय. दोन दिवस घरी काढायचे, साधं खायचं, काहीतरी छान बघायचं, एवढाच बेत असतो. तो फसतो तेव्हा घरात काही कमी नसतं. ऐनवेळी ठरवण्यातच सगळा जीव जातो.

म्हणून हा तुलनेचा खटाटोप. बाहेर जायचं नाही आणि पाहुणे येणार नाहीत, एवढं गृहीत धरलंय. माझी कसोटी दोन प्रश्नांची: निवडलेली गोष्ट सुरू करायला किती डोकं लागतं, आणि ती आपली आपण संपते का? दुसरा प्रश्न मला फार उशिरा सुचला. आता तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

सिनेमा की सिरीज

आधी सिरीजची बाजू, कारण पहिल्या प्रश्नात ती सरळ जिंकते. एकदा सुरू केली की दोन दिवसांची सोय झाली. माणसं ओळखीची होतात, घर ओळखीचं होतं, दुसऱ्या भागापासून डोक्याला काही कष्ट नाहीत. सिनेमात दर वेळी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. कोण कोणाचा कोण, हे कळेपर्यंत पहिला अर्धा तास जातो. आठवडाभर पिळून निघालेल्या माणसाला तो अर्धा तासही जड वाटतो, हे मी नाकारणार नाही.

पण दुसऱ्या प्रश्नात सिरीज सपशेल हरते. ती संपत नाही, आपल्याला संपवावी लागते. प्रत्येक भाग नेमका अशा जागी तुटतो की हात पुढच्या भागाकडे जावा. तोही न्यावा लागत नाही, काही सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होतो. नेटफ्लिक्सने २०१३ साली आपल्या एका मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी प्रेक्षकांपुढे ठेवले. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, कॉलिन्स शब्दकोशाने 'बिंज-वॉच' (एका बैठकीत भागामागून भाग बघणं) हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. २०१७ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तर आपली स्पर्धा झोपेशी आहे असं उघडच सांगितलं होतं. समोरचा इतकं स्पष्ट सांगतोय म्हटल्यावर रात्री दोन वाजता स्वतःला दोष देण्यात काय अर्थ आहे!

थोडा हिशेब करून पाहा. पन्नास मिनिटांचे आठ भाग म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. दोन तासांचे तीन सिनेमे म्हणजे सहा तास. वेळ जवळपास तेवढाच. पण तीन सिनेमांना तीन शेवट असतात. प्रत्येक शेवटाला माणूस उठतो, पाणी पितो, खिडकी उघडतो, शेवट पटला की नाही यावर घरच्यांशी वाद घालतो. आठ भागांनंतर मी उठते तेव्हा पाय आखडलेले असतात आणि आठवतो तो फक्त शेवटचा भाग.

तरीही सिरीजच बघायची असेल तर दोन गोष्टी करा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि बघणं भागाच्या शेवटी थांबवू नका, मध्येच थांबवा. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत मागचा पेच सुटलेला असतो आणि नवा अजून पडलेला नसतो, तिथे टीव्ही बंद करणं सोपं जातं. चार-सहा भागांत आटोपणारी सिरीज मिळाली तर उत्तमच. अंगात कणकण असेल, मध्येमध्ये डोळा लागणार असेल, तर सिरीजच बरी. सिनेमातली वीस मिनिटं झोपेत गेली की धागा सुटतो, सिरीजमध्ये फारसं काही सुटत नाही.

तिसरा पर्याय लोक विसरतात, तो म्हणजे आधी पाहिलेला सिनेमा. ओळख करून घ्यायचे कष्ट नाहीत, आणि शेवट आहेच. रविवारी संध्याकाळी मी बहुतेक तोच लावते.

यादी आधी की आयत्या वेळी

२००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दुकानात चाखायला कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी फक्त ६. चोवीस जॅमभोवती गर्दी जास्त जमली, पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे ३ टक्केच निघाले. सहा जॅमपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी खरेदी केली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत असाच निकाल आला असं नाही, पण रिमोट घेऊन बसलेल्या माणसाला हे पटायला अभ्यास लागत नाही.

म्हणून यादी शुक्रवारीच करायची, आणि ती तीनच नावांची. एक हलकाफुलका सिनेमा, एक लक्ष देऊन बघण्यासारखा, एक आधी पाहिलेला. यादी मी कागदावर लिहिते, कारण फोनवरच्या 'नंतर बघू' यादीत माझी कित्येक नावं वर्षानुवर्षं पडून आहेत. इंटरनेट बेभरवशाचं असेल तर तिन्ही सिनेमे त्याच रात्री उतरवून ठेवा. ऐन प्रसंगी फिरणारं गोल चक्र बघत बसण्याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही.

रांधायचं, आधी करून ठेवायचं की मागवायचं

मागवणं दिसतं तेवढं आरामाचं नसतं. पुन्हा तीच लांबलचक यादी, पुन्हा तेच वर-खाली सरकवणं, आणि सिनेमा रंगात आला की दारावरची बेल. नंतर डब्यांचा ढीग. तरी शुक्रवारी रात्री मी खुशाल मागवते. तेव्हा सिनेमा नसतो, अंगात त्राणही नसतं. शनिवार-रविवारसाठी मात्र नाही.

आधी करून ठेवणं मला सगळ्यात पटतं. त्याला मोठा बेत लागत नाही. शनिवारी सकाळी अर्ध्या तासात सहा-सात बटाटे, सहा अंडी उकडायची आणि एक पातेलं भाज्यांचं सूप करायचं. एवढ्यावर दोन दिवस निघतात. बटाटे कधी तव्यावर कुरकुरीत, कधी सुपात, कधी नुसते मीठ-मिरी आणि लोणी लावून. उकडलेली अंडी सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात, सोललेली लवकर खावीत.

भाताचं मात्र वेगळं आहे. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. 'गरम केलाय ना, मग चालतं' हे भाताच्या बाबतीत खरं नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववायचा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाकायचा. सिनेमा लावायच्या आधी भांडं ओट्यावरून हलवा, नंतर तुम्ही उठणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

ताजं रांधण्याच्या बाजूनेही बोलायला हवं. काहींना चिरणं, ढवळणं यातच विसावा मिळतो, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. सबीने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामाचा शीण कसा उतरतो याच्या चार बाजू मांडल्या: कामापासून मन सुटणं, आराम, काहीतरी जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. पाव भाजणाऱ्याला तिसरी-चौथी गोष्ट आयतीच मिळते. रांधणं तुम्हाला आवडत असेल तर शनिवारची दुपार त्यालाच द्या, पण सिनेमाच्या आधी तासभर घाईघाईने नको. पाककृतीत 'कांदा तपकिरी होईपर्यंत परता, दहा मिनिटं' असं लिहिलेलं असतं. मंद आचेवर त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. माझे कित्येक सिनेमे कांद्यामुळे लांबलेत.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही: सबटायटल्सचा सिनेमा आणि नजर लागणारं जेवण यांचं जमत नाही. काटे काढायचे, साल सोलायचं, रस सांभाळायचा, तेवढ्यात खालच्या दोन ओळी निघून जातात. अशा सिनेमाला वाडगा आणि चमचा. तांदूळ, डाळ आणि भाज्या एकत्र मऊ शिजवलेलं काहीतरी वाडग्यात घेतलं की अंधारातही सांडत नाही. ताट हवंच असेल तर आपल्या भाषेतला सिनेमा लावा.

मधल्या खाण्यात पाकीट की पॉपकॉर्न? पाकिटाचं सिरीजसारखंच होतं, हात आत जात राहतो आणि तळ लागला की मगच कळतं. पॉपकॉर्नचा वाडगा दिसतो, त्यामुळे संपतानाही दिसतो. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा असतो, सुमारे १८० अंश सेल्सिअसला त्या वाफेने दाणा फुटतो. बरणी उघडी राहिली तर ओलावा उडतो आणि अर्धे दाणे तसेच राहतात. जाड बुडाच्या भांड्यात तेल आणि तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की बाकीचे टाका. झाकण किंचित तिरकं ठेवलं की वाफ निघून जाते आणि लाह्या चामट होत नाहीत. दोन मोठे चमचे दाण्यांच्या चार कप लाह्या होतात, एकट्याला पुष्कळ.

मोठा पडदा की लॅपटॉप

इथे लोक उगाच हळहळतात. पडदा किती मोठा वाटतो ते अंतरावर ठरतं. ५५ इंची टीव्ही साडेसात फुटांवरून जेवढा दिसतो, साधारण तेवढाच १५ इंची लॅपटॉप दोन फुटांवरून दिसतो. एकटे असाल तर लॅपटॉप, मांडीवर उशी आणि कानाला बरे हेडफोन, एवढ्यात चांगलं भागतं. दोघं झालात की मात्र टीव्हीच हवा, कारण दोन फुटांवर दोन डोकी बसत नाहीत.

टीव्ही असेल तर एक काम आधी करा. बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ चित्रांचे असतात. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतात आणि सगळं गुळगुळीत करतात. मग उत्तम छायाचित्रणही रोजच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. या सोयीला 'मोशन स्मूदिंग' म्हणतात, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ती बंद करा असं २०१८ मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून सांगितलं होतं. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, एका झटक्यात काम होतं.

कुजबुज ऐकू येत नाही आणि स्फोटांनी घर हादरतं, ही तक्रार असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा किंवा 'नाइट मोड' लावा. टीव्हीचे दोनच स्पीकर सहा वाटांचा आवाज सांभाळायला जातात आणि संवाद त्यात दबतात.

रात्री की दुपारी

शनिवारी रात्रीच्या सिनेमाची मजा वेगळीच, मान्य. पण दोनला झोपून दहाला उठलात की रविवारी रात्री अकराला झोप कुठून येणार? कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतल्या झोपेच्या या फरकाला झोपेचे अभ्यासक टिल रोनेबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. प्रवास न करता लागलेला प्रवासाचा शीण. दुपारी पडदे ओढून तीनला लावलेला सिनेमा पाचला संपतो, बाहेर अजून उजेड असतो आणि एक चक्करही होते. डोकं ताजं असतं तेव्हाचा हा सिनेमा, म्हणून यादीतला लक्ष देऊन बघण्यासारखा इथे. रात्री हलकाफुलका, तोही नऊच्या आत सुरू.

घरात चारजण असतील तर मत घेऊ नका, पाळी लावा. मतदानातून येणारा सिनेमा कोणालाच नको असलेला असतो. ज्याची पाळी त्याने निवडायचा, बाकीच्यांनी पहिली वीस मिनिटं टीका करायची नाही. आमच्याकडे हा नियम चालतो, दुसरा अर्धा भाग सोडून.

रविवारी संध्याकाळी पाचला जुना सिनेमा, सातला उरलेलं सूप गरम. फ्रीजमध्ये दोन अंडी शिल्लक असतात. ती मी मुद्दामच ठेवते, सोमवारी सकाळी नाश्त्याला काय करायचं हे ठरवावं लागू नये म्हणून.