जुन्या गाडीच्या पुढच्या फोर्कला नवीन स्प्रिंगा: काही महिने चालवल्यावरचा अनुभव

सरळ मुद्द्यावर येतो. ब्रेक मारला की मोटरसायकलचं नाक खाली जातंय, खड्ड्यात फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय, आत स्प्रिंग आणि ऑइल) तळाला जाऊन ठाक वाजतोय, तर जाड ऑइल ओतून काही होत नाही. स्प्रिंगच बदलावी लागते आणि ती आपल्या वजनाला धरून घ्यावी लागते. आता पाऊस झाला, रोजचं ट्रॅफिक झालं, मागे माणूस बसवून लांबचं पण झालं, म्हणून लिहायला घेतलं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

गाडी दोन सिलिंडरची, साधा डॅम्पर रॉडवाला फोर्क (आतल्या दांड्याच्या भोकांतून ऑइल ढकलून हालचाल आवरणारा), वर फिरवायला ॲडजस्टर बिडजस्टर काही नाही, ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क एकूण किती दबू शकतो ते, १४० मिमी. जुन्या स्प्रिंगा बाहेर काढून लांबी मोजली तर मॅन्युअलमधल्या लिमिटच्या आत होत्या, म्हणजे कागदोपत्री ठणठणीत. पण लांबी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा बघायला बाथरूममधला वजनकाटा ड्रिल स्टँडखाली ठेवला, स्प्रिंग उभी करून वरून हळूहळू दाबत गेलो आणि दर १० मिमीला आकडा लिहून घेतला (आत दांडा घालाच, नाहीतर लांब स्प्रिंग मध्येच वाकून उडते आणि ती लागली तर जोरात लागते). हिशोब निघाला ०.५५ किलो प्रति मिमी. माझ्या वजनाला साधारण ०.८५ हवी होती. काही विक्रेते हे न्यूटनमध्ये लिहितात, तिथे ०.८५ म्हणजे ८.३ च्या आसपास, घेताना गोंधळ करू नका.

गंमत म्हणजे नवीन स्प्रिंग जुनीच्या शेजारी ठेवली तर फरक दिसतच नाही. तार जेमतेम अर्धा मिमी जाड. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे बाकी वेढे आणि घेर तेवढेच ठेवून तार ४.५ ची ५ मिमी केली की कडकपणा दीडपट होतो. म्हणून नुसतं हातात धरून 'सेमच तर आहे' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आता प्रीलोड, म्हणजे फोर्क पूर्ण लांब असतानाही स्प्रिंग आधीच किती मिमी दाबून ठेवलीय ते. यावर जेवढा गैरसमज आहे तेवढा कशावरच नसेल. वरच्या कॅपखाली मोठा स्पेसर (स्प्रिंगवर ठेवायचा नळीचा तुकडा) टाकला की स्प्रिंग कडक होते असं अर्ध्या लोकांना वाटतं. होत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. आकड्यातच बघा. मी बसल्यावर पुढच्या स्प्रिंगांवर समजा ९० किलो येतात. जुन्या दोन मिळून १.१ किलो प्रति मिमी, म्हणजे ८२ मिमी दबणार, त्यातून २० चा प्रीलोड वजा, उरला ६२. १४० च्या ट्रॅव्हलमधला ६२ नुसता बसल्या बसल्या गेला! नवीन दोन मिळून १.७, त्या ५३ दबणार, प्रीलोड १५ धरला तर सॅग (बसल्यावर फोर्क जितका खाली जातो तो) ३८, हा ठीक आहे, कारण रस्त्यावरच्या गाडीला बसल्यावर ट्रॅव्हलच्या पाव ते तिसरा हिस्सा सॅग धरतात. आता कोणी म्हणेल जुन्याच स्प्रिंगांना ४४ मिमी प्रीलोड दिला तरी सॅग ३८ च येईल की. येईल ना. पण ब्रेक मारून पुढे अजून ६० किलो आले की जुन्या स्प्रिंगा आणखी ५५ मिमी खाली जाणार आणि नवीन फक्त ३५, मग प्रीलोड काहीही असो. डाइव्ह (ब्रेकला नाक खाली जाणं) स्प्रिंगने थांबतो, स्पेसरने नाही.

प्रोग्रेसिव्ह की लिनियर यावर मी लिनियर घेतल्या, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत कडकपणा एकच. प्रोग्रेसिव्हमध्ये सुरुवात मऊ आणि पुढे कडक असते, ऐकायला छान वाटतं, पण जुन्या फोर्कची मूळ तक्रारच ही असते की सुरुवातीचा ट्रॅव्हल फुकट जातो, मग परत तेच कशाला विकत घ्यायचं. शिवाय डॅम्पिंग एकाच प्रकारचं आणि स्प्रिंग बदलत्या कडकपणाची, त्यामुळे कुठेतरी तडजोड होतेच. ज्याला एकदा एकटं, एकदा सामान आणि माणूस घेऊन फिरायचंय त्याने विचार करायला हरकत नाही, माझं मत बदललेलं नाही.

बसवण्याचं थोडक्यात सांगतो. पुढचं चाक उचलून गाडी पक्की टेकवायच्या आधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा आणि मग कॅप थोडी मोकळी करा, फोर्क बाहेर काढल्यावर ती सुटता सुटत नाही. कॅपखाली स्प्रिंगचा दाब असतो, तोंड वर आणून बघायचं नाही. नवीन स्प्रिंगची लांबी वेगळी असते म्हणून स्पेसर कापावा लागतो, जाड पीव्हीसी पाइप चालतो, फक्त कापलेली टोकं काटकोनात हवीत आणि स्प्रिंग आणि पाइपच्या मध्ये वॉशर पाहिजेच, नाहीतर स्प्रिंग पाइप कुरतडते. फोर्क पूर्ण लांब करून स्पेसर ठेवला की तो फोर्कच्या पाइपच्या तोंडावर जितका वर येतो, अधिक कॅप जितकी आत जाते, तो तुमचा प्रीलोड.

ऑइलची लेव्हल मिलीलिटरवर सोडू नका. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, आणि वरच्या तोंडापासून ऑइलपर्यंत किती मिमी ते मोजायचं. माझ्याकडे १४० होती, नंतर १३० केली. वर कोंडलेली हवा पण स्प्रिंगचंच काम करते, सायकलचा पंप तोंड बंद करून दाबला की शेवटी हात थांबतो ना, तसं. लेव्हल १० मिमी वर आणली तर सुरुवातीला काही कळत नाही, फरक पडतो तो ट्रॅव्हलच्या शेवटच्या भागात. तो तळाला आपटायचा आवाज माझा यानेच पूर्ण गेला. पण जास्त भरली तर सीलवर दाब येतो, त्यामुळे पाच पाच मिमीनेच जा.

ऑइल किती वेटचं (म्हणजे किती जाड), यात मला सगळ्यात जास्त वेळ गेला. कडक स्प्रिंग परत पण जोरात येते, तिला आवरायला जास्त रिबाउंड डॅम्पिंग (परत वर येतानाचा विरोध) लागतं, १० वेटवर स्पीड ब्रेकरनंतर पुढचं दोनदा डोलायचं. १५ टाकलं, डोलणं बंद, पण रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरून जोरात गेलो की मनगटाला झटका. याचं कारण डॅम्पर रॉडमध्येच आहे, ठरलेल्या मापाची भोकं आणि त्यातून ऑइल ढकलायचं, वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट. सावकाश हालचालीला पुरेल असं ऑइल भरलं की झटक्याला ते जडच पडणार. शेवटी एकाच कंपनीचं १० आणि १५ अर्धं अर्धं मिसळलं आणि तिथे थांबलो. दोन कंपन्यांचं मिसळू नका, आणि डब्यावरच्या वेटवर फार विश्वास पण ठेवू नका, एकीचं १० दुसरीच्या १५ च्या जवळ जाऊ शकतं. ४० अंशांला सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) किती दिलेत ते बघून तुलना करा.

सॅग मोजायला फोर्कच्या पाइपावर झिप टाय बांधा. एकदा पुढचं दाबून हळूच सोडून मोजा, एकदा वर ओढून हळूच सोडून मोजा, दोन्हीच्या मधला आकडा घ्या. दोन आकड्यांत जितका फरक तितकं आत घर्षण. माझा सुरुवातीला १६ मिमी होता, मग ॲक्सल आवळून, खालचा पिंच बोल्ट (फोर्कच्या पायात ॲक्सल घट्ट धरणारा) ढिला ठेवून, ब्रेक धरून फोर्क चार पाच वेळा दाबला आणि त्यानंतर पिंच बोल्ट आवळला, फरक ७ वर आला. फुकटात झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा. वाकडे बसलेले पाय असतील तर कितीही भारी स्प्रिंग टाका, छोट्या खड्ड्यांवर फोर्क हलतच नाही.

आता महिन्यांनंतरचं. सॅग ३८ चा ४० झालाय, म्हणजे जवळपास आहे तिथेच. वळणात मध्येच ब्रेक लागला तरी पुढचं एकदम खाली बसत नाही, याचा विश्वास हळूहळू येतो आणि आला की मजा येते. पावसात पुढचा ब्रेक हलक्या हाताने धरता येतो कारण वजन एकदम चाकावर आदळत नाही. मध्ये ऑइल बदललं तेव्हा करड्या रंगाचं निघालं, बुश घासल्याचा चुरा, जुन्या फोर्कमध्ये हे होणारच, पहिलं ऑइल लवकर बदला.

न आवडलेलं पण सांगतो. पुढचं वर आलं त्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जायला लागला, तो परत सेट करावा लागला, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि स्टिअरिंग किंचित जड झालं. पाइप क्लॅम्पमधून ५ मिमी वर सरकवले तर ते बरंचसं जागेवर आलं, पण त्याआधी फोर्क पूर्ण दबल्यावर चाक कुठे घासत नाही ना ते बघा. बारीक खडबडीत रस्त्यावर कमी वेगात पूर्वीपेक्षा थोडं कडक लागतं, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मागे माणूस बसला की मात्र फरक फक्त फायद्याचाच.

इम्युलेटर (डॅम्पर रॉडवर बसवायचा व्हॉल्व्ह) टाका असं बरेच जण सुचवतात, तुटलेल्या कडेच्या झटक्यावर खरा इलाज तोच आहे, पण त्यासाठी डॅम्पर रॉडची भोकं मोठी करावी लागतात आणि मग मूळ सेटिंगला परत जायला दुसरा रॉड शोधायला लागतो. त्याआधी मागचे शॉक. पुढचं ठीक झाल्यावर ते किती मऊ आहेत हे आता कळायला लागलंय.