कोलोगार्ड: काय सापडते आणि काय निसटते

अमेरिकेत आता पंचेचाळिशी गाठली की डॉक्टर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचा विषय काढतात, कारण पूर्वी पन्नाशीला सुरू होणारी ही तपासणी पाच वर्षे आधी सुरू करावी, अशी शिफारस तिथल्या तज्ज्ञ कार्यदलाने २०२१ साली केली. कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठे आतडे आतून पाहणे) करायची की घरच्या घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवायचा, असा पर्याय समोर आला तेव्हा मी दुसरा मार्ग निवडला. ‘एक्झॅक्ट सायन्सेस’ या कंपनीने मेयो क्लिनिकच्या सहकार्याने विकसित केलेल्या ‘कोलोगार्ड’ या चाचणीला तिथल्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली, आणि ‘कोलोगार्ड प्लस’ ही तिची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये मान्य झाली.

वापरायला ही चाचणी सोपी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर खोका घरी येतो. त्यात कमोडवर बसवायची प्लास्टिकची चौकट, झाकणाचे भांडे, नमुना टिकवणारे द्रव आणि शौचातले रक्त तपासण्यासाठी वेगळी छोटी नळी असते. पथ्य नाही, जुलाबाचे औषध नाही, भूल नाही, रजाही नाही. मात्र नमुना साठवून ठेवता येत नाही; पहिल्या आवृत्तीत तो ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचणे आवश्यक होते. त्यामुळे भारतातल्या आईवडिलांचा नमुना अमेरिकेत मागवण्याचा विचार कोणी करू नये.

खरे कौतुक आहे ते या खोक्यामागच्या विज्ञानाचे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी सतत झडून शौचात मिसळत असतात, आणि गाठीच्या पेशींसोबत त्यांचा बिघडलेला डीएनएही बाहेर पडतो. पहिली आवृत्ती ‘केरास’ जनुकातील उत्परिवर्तने शोधते, ‘एनडीआरजी४’ आणि ‘बीएमपी३’ या जनुकांवर चढलेले अवाजवी मिथिल गट (जनुकाचे काम बदलू शकणारे छोटे रासायनिक घटक) मोजते, नमुन्यात मानवी डीएनए एकूण किती आहे हे ‘बीटा-अ‍ॅक्टिन’ या जनुकावरून ताडून पाहते आणि डोळ्यांना न दिसणारे रक्तही तपासते. या सर्वांचे मिळून एक गणित मांडले जाते, पण अहवालात फक्त ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढेच येते. कोणत्या घटकामुळे निकाल तसा आला, हे रुग्णाला आणि डॉक्टरांना कळले असते, तर मला ते अधिक योग्य वाटले असते.

आता मुद्द्याचे आकडे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात कर्करोग असलेले ६५ जण होते. कोलोगार्डने त्यांपैकी ६० जणांना ओळखले, तर केवळ रक्त शोधणाऱ्या ‘फिट’ चाचणीने ४८ जणांना. हा फरक लहान नाही. परंतु पुढे कर्करोगात बदलू शकतील अशा प्रगत गाठींपैकी कोलोगार्डला ४२.४ टक्केच सापडल्या, आणि वीस हजारांवर लोकांच्या नव्या अभ्यासातही ‘प्लस’चे हे प्रमाण ४३.४ टक्क्यांपुढे गेले नाही. म्हणजे झालेला कर्करोग पकडण्यात ही चाचणी उत्तम आहे, पण कर्करोग होऊच नये म्हणून ज्या गाठी वेळीच काढायच्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक तिच्या हातून निसटतात. कोलोनोस्कोपीत गाठ दिसते आणि बहुधा त्याच वेळी काढताही येते. तो फायदा इथे नाही.

दुसरी उणीव विनाकारण घाबरवणाऱ्या निकालांची. कर्करोग किंवा प्रगत गाठ नसलेल्या शंभरांपैकी सुमारे तेरा जणांना पहिली आवृत्ती ‘पॉझिटिव्ह’ ठरवत असे. ‘प्लस’मध्ये हे प्रमाण नवाच्या आसपास आले आहे, आणि माझ्या मते नव्या आवृत्तीतली हीच खरी सुधारणा आहे. तसा निकाल आला तर कोलोनोस्कोपी करावीच लागते, पुन्हा नमुना पाठवून समाधान करून घेणे धोक्याचे आहे. २०२४ मध्येच मान्य झालेली ‘शील्ड’ ही रक्ताची चाचणी अधिक सोयीची वाटेल, परंतु प्रगत गाठींच्या बाबतीत ती १३ टक्क्यांवरच थांबते, म्हणून मी ती निवडली नसती.

आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार झालेला असेल, स्वतःच्या आतड्यात आधी गाठी सापडल्या असतील किंवा आतड्याचा दीर्घकालीन दाह असेल, त्यांच्यासाठी ही चाचणी नाहीच. शौचावाटे रक्त जात असेल तर त्यालाही हे उत्तर नव्हे. मूळव्याध असेल म्हणून ते अंगावर काढण्याची आपल्याकडची सवय फार घातक आहे, तिथे थेट डॉक्टरांकडेच जायला हवे. भारतात राहणाऱ्यांना ‘फिट’ चाचणी तुलनेने स्वस्तात मिळते, आणि ती दरवर्षी नेमाने केली तर एका वर्षी निसटलेले पुढच्या वर्षी सापडण्याची शक्यता वाढते.

ज्यांची कोलोनोस्कोपीची तयारी आहे, त्यांनी तीच करावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. भीतीमुळे, संकोचामुळे किंवा वेळेअभावी जे वर्षानुवर्षे काहीच करत नाहीत, त्यांनी कोलोगार्ड जरूर मागवावी, आणि निकाल निगेटिव्ह आला तरी तीन वर्षांनी ती पुन्हा करायची आहे हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.