कोविडमधला थीम पार्क, आतल्या बाजूने : दोन स्टार, तेही माझ्या टीमसाठी

सगळे रिव्ह्यू राइड किती भारी नि लाइन किती लांब यावरच असतात, मी कोविडमध्ये अशाच एका पार्कात राइड ऑपरेटर होते म्हणून आतलं लिहितेय. पार्कचं नाव टाकत नाही कारण माझ्या ओळखीची मुलं अजून तिथेच कामाला आहेत, त्यांना माझ्यामुळे त्रास नको.

फिरायला येणाऱ्याला सगळं चकाचक दिसायचं हे खरंय. गेटवर टेंपरेचर गन, जमिनीवर अंतराचे स्टिकर, पावलापावलावर सॅनिटायझर, राइडच्या ट्रेनमध्ये एक रांग सोडून बसवायचं. पण लॅप बार, म्हणजे बसलेल्याच्या मांडीवर येणारा दांडा, कसा चेक करतात माहितीये का, प्रत्येक सीटपाशी वाकायचं, बार खाली दाबायचा, मग वर ओढून बघायचा की लॉक झालाय ना, बेल्ट खेचायचा, आणि हे केल्याशिवाय ट्रेन सोडताच येत नाही, सोडायचीही नाही. म्हणजे माणसाच्या तोंडापासून माझं तोंड हातभर लांब, असे दिवसाला शेकडो लोक, त्यातल्या कितीतरी जणांचा मास्क हनुवटीवर, आणि राइड संपून आले की सगळे ओरडून धापा टाकत असलेले. जपानमध्ये 2020 ला पार्कवाल्यांच्या संघटनांनी राइडवर ओरडू नका म्हणून सांगितलं होतं तर लोक हसले, मला त्यात हसण्यासारखं काहीच वाटलं नाही. आमच्याकडे आम्हाला फक्त एक प्लॅस्टिकची फेस शील्ड मिळाली, उन्हात घामाने तिच्यावर वाफ धरायची आणि बार नीट दिसायचा नाही, म्हणजे कोविडपासून वाचायला जावं तर राइडची सेफ्टी धोक्यात.

ब्रेक रूमबद्दल तर लिहायलाच हवं. एक बंद खोली, खिडकी नाही, एसी तीच हवा फिरवतोय. दिवसभर मास्क लावणारे आम्ही सगळे जेवायला म्हणून तिथेच एकत्र मास्क काढायचो. ब्रेक वेगवेगळ्या वेळी द्या, बाहेर सावलीत चार टेबलं टाका, एवढंच मागितलं होतं. माणसं कमी आहेत, जमणार नाही, हे उत्तर. मॅस्कॉटवाल्या, म्हणजे कार्टूनचा वेश घालून फिरणाऱ्या मुलांचे हाल अजून वेगळे, एकच डोकं दोन शिफ्टला दोघांनी घालायचं, मधे आतून स्प्रे मारायचे आणि तो वाळायच्या आत दुसऱ्याच्या डोक्यावर, डोळे लाल करून बाहेर यायची ती मुलं.

आणि मास्कचे वाद. एका माणसाला मी म्हटलं, सर मास्क नाकावर घ्या नाहीतर ट्रेन सोडता येणार नाही. तो उठून उभाच राहिला, पैसे भरलेत, तू कोण सांगणारी, आणि शिव्या, बाजूला त्याची लहान मुलगी बसलेली. सुपरवायझर आले, त्याला सॉरी म्हणाले, वर लाइन न लावता अजून एक राइड दिली. मला बाजूला घेऊन सांगितलं, गेस्टशी वाद घालायचा नाही. नियम पार्कचा, बोर्ड पार्कने लावलेला, सांगायचं आम्ही, आणि मार खायची वेळ आली की आम्ही एकट्या. मी त्या रात्री घरी रडले, आज लिहितानाही हात थरथरतोय.

ताप आला तर घरी जायचं, बिनपगारी, आणि हजेरीत खाडा लागायचा. मग काय होणार, लोक पॅरासिटामॉल घेऊन गेटवर यायचे, गनमध्ये ताप दिसायचा नाही. त्यांना दोष देणार नाही मी, ज्याचं घर त्या पगारावर चालतं तो दुसरं काय करेल. भरपगारी सुट्टी दिली असती तर त्या टेंपरेचर गनला काहीतरी अर्थ होता.

मोठ्या पार्कातही काही फार वेगळं नव्हतं. फ्लोरिडाचं डिस्ने वर्ल्ड 11 जुलै 2020 ला उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या राज्यात एका दिवसात 15 हजारांवर नवीन केसेस आल्या. तिथल्या कलाकारांच्या युनियनला कोविड टेस्टिंग मिळावं यासाठी भांडावं लागलं, ऑगस्टमध्ये टेस्टिंगची सोय झाली तेव्हा कुठे ते कामावर परतायला तयार झाले. मग सप्टेंबरमध्ये कंपनीने 28 हजार लोकांना काढायचं जाहीर केलं, त्यातले साधारण 67 टक्के पार्टटाइम. आमच्यासारखेच. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये मात्र युनियनवाल्यांनी जूनमध्ये गाड्यांची रॅली काढून सेफ्टीचं आधी बोला म्हणून सांगितलं, आणि ते पार्क शेवटी 30 एप्रिल 2021 ला उघडलं. आमच्याकडे युनियनच नव्हती, रॅली कोण काढणार.

दोन स्टार देतेय ते माझ्या टीमचे. एकमेकींचे मास्क बदलायला शिफ्ट सांभाळणाऱ्या, कोणाला ताप आला की आपल्यातले पैसे काढून देणाऱ्या त्या पोरी होत्या म्हणून मी तो सीझन काढला. तुम्ही कधी गेलात तर राइडवर बार चेक करणाऱ्या मुलीला एकदा विचारा, तुमचा ब्रेक कुठे असतो, आणि ती काय उत्तर देते ते इथे रिव्ह्यूमध्ये लिहा, राइडचं नंतर लिहा.